चिंधी कोणी बांधली

४ फेब्रुवारी

आत्या,

पुन्हा तेच. चार पानांच्या पत्रात साडेतीन पानं चांगलं लिहितेस आणि शेवटी कोपऱ्यात "खरं काय ते लिही" असं खरडतेस. मी आजवर काय खोटी पत्रं लिहिली? आणि त्याच्या वरची जी ओळ तू खोडलीस ती मी बल्बसमोर धरून वाचली. "तुझ्या बापाच्या पत्रातही सगळं छानच असायचं." खोडलेलं वाचता येतं आत्या. खोडायचंच असेल तर नीट गिरवून खोड, नाहीतर लिहूच नको.

सव्वा वर्ष झालं मला तिथून निघून, तरी तुझं मन निवळत नाही. निघायच्या आधीच्या प्रार्थनासभेत मी म्हटलं की मला सुपरवायझरची नोकरी लागली, आणि तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस. "कसला सुपरवायझर! लोकांच्या मळक्या चादरी धुणार आहे. जन्माचा खोटारडा, बापासारखा." पाळकसाहेब छताकडे बघायला लागले. गायनमंडळातली ती चष्मेवाली हसली. मी गप्प बसलो, कारण चादरींचं खरंच होतं. पण "जन्माचा" कशाला? चादरी धुतो एवढं म्हणून बसायचं होतंस.

फोनवर हे बोललो असतो, पण तुला ऐकू येत नाही, आणि ओरडून बोलावं तर खोलीत आम्ही पाच जण.

बरं, एक विचारायचंय. सुटीच्या दिवशी आम्ही काही जण एका दुकानावरच्या हॉलमध्ये उपासनेला जमतो. तिथे ज्यांना सगळे ब्रदर म्हणतात ते बोलतात. ते म्हणतात, विश्वास ठेवला की आपल्यातला जुना पापी माणूस त्याच क्षणी मेला. तिथे एकाची दारू एका दुपारी सुटली, एकाचा जुगार. डिसेंबरात मीही उभा राहिलो आणि साक्ष दिली की माझं खोटं बोलणं गेलं. टाळ्या झाल्या, गाणं झालं. आत्या, त्या दिवशी ते खरंच गेलं होतं. अंगातून ताप उतरावा तसं हलकं वाटत होतं.

तुला चर्चच्या बाकावर बसून साठ वर्षं झाली. तू सांग, पाप जायला किती दिवस लागतात? आकडा सांग. उपदेश नको.

कामाचं बरं आहे. लॉन्ड्रीत आता मला मोठ्या रोलरवर घेतलंय. ओल्या चादरी एका बाजूने घालायच्या, दुसऱ्या बाजूने कडक इस्त्री होऊन निघतात. गेल्या आठवड्यात दुसऱ्या पाळीतल्या एकाचा हात त्यात गेला. मास्तर म्हणतात त्यांना, आम्हा सगळ्यांना मशीन त्यांनीच शिकवलं. त्यांचीच चूक होती म्हणे. तू काळजी करू नको, मी सांभाळून असतो.

तुझा भाचा


१३ फेब्रुवारी

बाळा,

प्रभूच्या नावात सलाम. पत्र मिळालं. इथे एक ओळ होती, ती पूर्ण काळी केली आहे. बल्ब फुकट जाळू नकोस.

पाप जायला किती दिवस लागतात, म्हणे. कावीळ आहे का ती, की इतके दिवस पथ्य केलं आणि उठून बसला? आणि हे तुला अचानक कशाला सुचलं? चाळीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होते मी. एखादी मुलगी दारात घुटमळत "बाई, समजा एखादीने असं केलं तर काय होतं हो?" असं विचारायला आली की मी आधी तिची ट्रंक उघडायची. ती एखादी नेहमी समोरच उभी असायची.

तेव्हा सरळ सांग, मुलगी आहे की बाटली?

मुलगी असेल तर तिच्या घरच्यांना तोंड दाखव आणि मला तिचं नाव कळव. रंगरूप कळवू नकोस, ते मला नको. बाटली असेल तर पगाराच्या दिवशी एकटा राहू नकोस, आणि ज्या मित्राचं हसणं तुला सगळ्यात जास्त आवडतं त्याच्यापासून आधी लांब हो. तुझा बाप माझा धाकटा भाऊ होता. त्याला मी पाठीवर घेऊन फिरवलंय. त्याचं काय झालं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून बोलते. तुला लागतं ते मला कळतं.

तुमच्या त्या ब्रदरांबद्दल मी काही बोलत नाही. न बोलायला मला किती कष्ट पडतात ते तो प्रभू जाणतो.

आता त्या मास्तरांचं. हात किती भाजला? नुसता भाजला की चेपलाही? बोटं रोज हलवून घेतात का? नाहीतर ती आखडतात आणि मग उघडत नाहीत. वसतिगृहात एका मुलीचा हात इस्त्रीने भाजला होता तेव्हा मी स्वतः रोज रडवून तिची बोटं उघडायचे. घरी बायको आहे का त्यांना? ज्याने मशीन शिकवलं त्याला बघायला गेलो होतो, असं वाक्य तुझ्या पत्रात शोधलं. नाही सापडलं.

आत्या


२२ फेब्रुवारी

आत्या,

मुलगी नाही. बाटली नाही. असती तर बरं झालं असतं.

खोली बदललीय, पत्ता मागे लिहिला आहे. महिन्यात दुसऱ्यांदा बदलली. आधीच्या खोलीतून रस्त्यापलीकडची लॉन्ड्री दिसायची, ती बघवेना. इथून दिसत नाही, पण वाफेचा भोंगा ऐकू येतो. तेही नको वाटतंय. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं कळत नाही. हे पत्रही तीन ठिकाणी बसून लिहितोय.

ऐक. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात पुढे गेला की दांडीला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. हातासाठीच केलेली आहे ती. पण चादर जाड असली, ओल जास्त असली की तिचा गोळाही दांडीला लागतो, मशीन थांबतं, पुन्हा गरम होईपर्यंत वेळ जातो. पाळीला सहाशे चादरी काढायच्या असतात. म्हणून बरेच जण ती दांडी चिंधीने वर बांधून ठेवतात आणि घरी जाताना सोडतात. सुपरवायझरला माहीत असतं. तो तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघतो.

त्या दिवशी सकाळच्या पाळीला मी होतो. उशीचा फाटका अभ्रा टरकावून मी ती दांडी बांधली. भोंगा झाला, मी निघालो. सोडायची राहिली. मुद्दाम नाही आत्या, देवाशपथ. दुसऱ्या पाळीला मास्तर आले. ते आयुष्यात कधी दांडी बांधत नाहीत, म्हणून त्यांनी वर पाहिलंच नाही. एक चादर दुमडली, ती सरळ करायला हात पुढे केला.

तीन बोटं. भाजली आणि चेपलीही.

दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं, दांडी कोणी बांधली? मी म्हणालो, मी निघालो तेव्हा मोकळी होती. कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं, मी आपणहून बोललो. इतकं झटकन निघालं की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. साक्ष देऊन दोन महिने पण झाले नव्हते.

आता कंपनीने मास्तरांना एक कागद दिलाय. "दांडी मी स्वतःच बांधली होती" अशी त्यावर सही करायची. सही केली की औषधाचा खर्च त्यांचाच, भरपाई नाही, गावी जायचं तिकीट तेवढं मिळेल. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे. नाही केली तर चौकशी होईल, पण त्यांच्या बाजूने बोलणारं कोण?

तू विचारलंस म्हणून गेलो होतो दवाखान्यात. बायको गावी आहे त्यांची, दोन मुली शिकताहेत. मला बघून खूश झाले. म्हणाले, "पोरा, सकाळी तू होतास ना, तुला काही दिसलं होतं का रे?" मी म्हणालो, "नाही मास्तर." त्यावर ते म्हणतात, "मग माझंच काहीतरी चुकलं असेल. वय झालं."

आता सांगू का मला काय आडवं येतं? नोकरी जाईल ही भीती आहेच. पण त्याहून मोठं म्हणजे, मी तोंड उघडलं की तुझं वाक्य खरं ठरतं. जन्माचा खोटारडा. हॉलमधले म्हणतील साक्ष खोटी, तिथले म्हणतील आत्याबाई बरोबर बोलल्या होत्या, आणि ती चष्मेवाली पुन्हा हसेल. गप्प बसलो तर निदान एका ठिकाणी तरी मी सुधारलेला माणूस आहे.

म्हण आता, "मी म्हटलं नव्हतं का?" तुझा हक्क आहे. भरपूर शाई घेऊन लिही. खोडू नको.


३ मार्च

बाळा,

तीन पत्रं लिहिली. पहिली दोन शेगडीत गेली. पहिल्यात तू म्हणतोस ते वाक्य होतं. दुसऱ्यात ते नव्हतं, पण पानभर त्याचाच वास येत होता. हे तिसरं.

तू आकडा मागितलास. माझ्याकडचे आकडे देते, त्यांचं काय करायचं ते तू बघ.

मी सव्वीस वर्षांची होते. एका नव्या मुलीने दुसरीची रिबन उचलली. मी तिला जेवणाच्या हॉलमध्ये स्टुलावर उभं केलं आणि तिच्या आईबद्दल असं काही बोलले की तिसऱ्या दिवशी तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला. तिची शाळा तिथेच सुटली. एका रिबनीपायी. मी तेव्हा दर रविवारी पहिल्या बाकावर बसत होते आणि माझ्या प्रार्थनेचं सगळे कौतुक करत होते. त्या आठवड्यात मी गुडघ्यांवर येऊन शपथ घेतली की माझ्या जिभेने पुन्हा कोणाला जखम होणार नाही. शपथ बारा दिवस टिकली. तेराव्या दिवशी दूधवाला.

मग पाण्याची युक्ती काढली. राग आला की तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा आणि राग उतरेपर्यंत गिळायचा नाही. चाळीस वर्षांत एक विहीर तरी मी तोंडात धरली असेन. मुलींना वाटायचं मेट्रनबाईंची दाढ दुखते. एकदा त्यांनी वर्गणी काढून मला लवंगेचं तेल आणून दिलं होतं. घेतलं मी. काय सांगणार त्यांना?

पंचेचाळिसाव्या वर्षी वाटलं, जिंकले. दोन वर्षं एक वाकडा शब्द नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. मग एक दिवस स्वयंपाकीणबाई हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोलायचात ते परवडायचं. आता नुसतं बघता ना, ते सोसवत नाही." म्हणजे जिभेवरून उठून ते डोळ्यात जाऊन बसलं होतं, आणि मी त्याच्यावर शांतपणाची पाटी लावली होती. पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

त्या रिबनवाल्या मुलीला शोधून मी माफी मागितली तेव्हा तिच्या कडेवर नातू होता. तिला मी आठवतही नव्हते, स्टूल मात्र आठवत होतं. स्वयंपाकीणबाईंची माफी मागायला मला चार महिने लागले. मला वाटलं, आता दिवसांवर आलं. आणि बघ, तुझी मागायला सव्वा वर्ष लावलं. हे जिन्यासारखं नाही रे, की एक पायरी चढलो ती आपली झाली. मी घसरते. पण पूर्वी घसरले हे मला कोणीतरी सांगावं लागायचं. आता घसरतानाच कळतं. आणि हे माझ्या कर्तबगारीने झालेलं नाही. माझ्याच्याने होणार असतं तर सव्विसाव्या वर्षीच झालं असतं. प्रभूने सोडलं नाही म्हणून चाललंय.

तू त्या प्रार्थनासभेत खोटं बोललास ते खोटंच होतं. पण "जन्माचा" हा शब्द द्यायचा अधिकार माझा नव्हता. तुझा जन्म मी दिलेला नाही, त्याचा शेवट काय तेही मला ठाऊक नाही. तू जाणार म्हणून त्या दिवशी मला सकाळपासून रडू येत होतं, आणि मला रडू आलं की तोंडातून तसलंच निघतं. ही सबब नाही, नुसतं सांगते. तो शब्द मी परत घेते. मला क्षमा कर.

आता मास्तर. आधी त्यांच्याकडे जा, ऑफिसात नंतर. आधी ऑफिसात गेलास तर तिथले तुला गुंडाळतील. आणि वाटेत वाक्यं जुळवत जाऊ नकोस, तू जुळवलेली वाक्यं फार चांगली असतात. "चिंधी मी बांधली" एवढं बोल आणि गप्प राहा. त्यांनी मारलं तर मार खा.

तुझा जुना माणूस मेला की नाही ते मला विचारू नकोस. मेला असेल तर त्याला बोलायची काय घाई पडली होती? आणि जिवंत असेल तर आज त्याचं ऐकू नकोस. उद्याचं उद्या.

आत्या


१४ मार्च

आत्या,

तुझं पत्र खिशात घेऊन गेलो होतो. जमलं नाही.

तीन शब्द. तोंडात पाणी धरल्यासारखं झालं, गिळताही येईना आणि बोलताही येईना. तुझी युक्ती माझ्यावर उलटी चालली. मास्तर डाव्या हाताने सही गिरवत बसले होते, लहान मुलासारखी. उजवा हात बांधलेला. मला म्हणाले, "बघ बरं, वाचता येतंय का?" मी म्हणालो, छान आली. त्यांची उशी सरळ केली, पाणी भरून ठेवलं आणि पळालो.

मग ऑफिसात गेलो. तू नको म्हणालीस तेच केलं. तिथेही पूर्ण नाही बोललो. म्हणालो, "दांडी सकाळच्या पाळीत कोणीतरी बांधली असावी." सुपरवायझरने दार लावलं. खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती. म्हणतो, "कोणीतरी म्हणजे कोण ते मी विचारत नाही, तूही सांगू नको. एप्रिलपासून सकाळच्या पाळीला एक असिस्टंट सुपरवायझर हवाय. तुझं डोकं चालतं. कागदावर सही झाली की प्रकरण मिटेल, मग तुझं नाव देतो." आणि खण उघडून तो बिल्ला दाखवला. निळा. त्यावर फक्त नाव घालायचं बाकी आहे.

आत्या, मी तुमच्यासमोर जे खोटं बोललो होतो तेच आता खरं व्हायला निघालंय. ती चष्मेवाली हसली त्या शब्दावर. आता कोणी खोटं म्हणू शकणार नाही. बिल्ल्यासकट फोटो पाठवीन.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. "बघतो" म्हणालो.

हॉलमध्ये ब्रदरांना नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, तुझा विश्वास कमी पडतोय, विजयाचं गाणं म्हण. म्हटलं. तीन वेळा म्हटलं. मधल्या कडव्याला मी बाहेर पडून रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. तरी गाणं चालूच होतं.

तू चाळीस वर्षं म्हणतेस. मुदत संपायला सतरा दिवस आहेत.

लवकर लिही. काय करू ते स्पष्ट लिही. घे तर घे लिही, नको तर नको लिही.


२१ मार्च

बाळा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी प्रार्थनासभा होती. मी उभी राहिले. पाळकसाहेब घाबरले, मी उभी राहिले की ते घाबरतातच. मी म्हणाले, "सव्वा वर्षापूर्वी मी इथे माझ्या भाच्याला एक शब्द बोलले. त्याने चूक केली होती ती त्याची तो बघेल. मी केलेलं पाप माझं आहे. ते तुम्हा सगळ्यांच्या कानांत मी घातलं, म्हणून तुमच्या कानांतूनच काढून घेते." एवढं बोलून बसले. मग मागून शिंप्याची म्हातारी म्हणाली, "कोणता शब्द हो? मला आठवतच नाही." पुन्हा उच्चारायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण तुझी चष्मेवाली म्हणाली, "मला आठवतो, आजी. मी हसले होते. माझंही चुकलं." आणि खाली बसून गुडघ्यात तोंड घातलं. रडत होती की हसत होती ते मला माझ्या बाकावरून दिसलं नाही. शोधायलाही गेले नाही.

तुझ्या मास्तरांबद्दल मी तिथे अवाक्षर काढलेलं नाही. ते तुझं आहे.

काय करू ते स्पष्ट लिही म्हणतोस. मागच्या पत्रात लिहिलं ते लिहिलं. पुन्हा लिहायला बसले तर पान भरून लिहीन आणि त्यातल्या अर्ध्याने तुला जखम होईल. म्हणून सकाळपासून तोंडात पाणी धरून बसले आहे, आणि हे पत्र तसंच लिहिते आहे.

एकच सांगते, त्यात आडपडदा नाही. बिल्ला घेतलास तरी तू माझा, नाही घेतलास तरी माझा. तू घेतलास म्हणून मी सभेत उठणार नाही, तू टाकलास म्हणून मिरवणार नाही. माझं वाक्य आता तुझ्या आड उभं नाही. मी ते उचललं. तिथे जे उरलं असेल ते मास्तरांचं आणि तुझं.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

बोललो. एकतीस तारखेला, मुदतीच्या दिवशी, दुपारी. त्याआधी रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. पहारेकरी मला विचारायला लागला होता, "तुमचं इथे कोणी आहे की नाही नक्की?"

तुझं पत्र वाचलं आणि मला तुझा राग आला. तू नको म्हणायला हवं होतंस. नको म्हणाली असतीस तर तुझ्यावर चिडून मी बिल्ला घेतला असता आणि पाप तुझ्या नावावर टाकलं असतं. तू काहीच ठेवलं नाहीस माझ्याकडे चिडायला. चार दिवस तसाच फिरलो.

मास्तरांसमोर कागद होता, पेन डाव्या हातात. मी म्हणालो, "मास्तर, चिंधी मी बांधली." आणि गप्प राहिलो. तू म्हणालीस तसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या दिवशी तू पाण्याचा तांब्या भरून ठेवलास." मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "ते पाणी मी प्यालो." बस. भिंतीकडे तोंड फिरवलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, सही करू नका, मी ऑफिसात सांगतो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

ऑफिसात सुपरवायझर एकटा असताना गेलो नाही. मालकाचा माणूस आणि हिशेबनीस दोघं बसले होते तेव्हा गेलो. टेबलाला धरून उभा राहिलो. सांगितलं. सगळेच बांधतात हेही सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, हा जन्माचा खोटारडा आहे, याच्या साक्षीला काय किंमत? आत्या, अगदी तुझेच शब्द, एक अक्षर इकडे तिकडे नाही. आणि मला काहीच झालं नाही. मला वाटलं होतं तिथेच कोसळेन. मी म्हणालो, "आतापर्यंत होतो साहेब, आज खरं बोलतोय, लिहून घ्या." हिशेबनीसाने लिहून घेतलं.

चौकशी झाली. मास्तरांचा औषधाचा खर्च कंपनी देणार, भरपाईही मंजूर झाली. दोन बोटं सरळ होणार नाहीत म्हणतात. तू सांगितलंस तसं बोटं उघडायला त्यांना एक बाई येते, त्या वेळी ते ओरडतात, बाहेर ऐकू येतं. मी बाहेरच बसतो. मला आत बोलवत नाहीत. क्षमा केली का ते मी विचारलं नाही. सुपरवायझर आहे तिथेच आहे. दांड्यांना मात्र आता कुलपं लावलीत.

माझं काम गेलं नाही, पण रोलर गेला. आता मळक्या चादरींच्या खोलीत आहे. दवाखान्यांच्या गाठोड्यांतून चादरी वेगळ्या करायच्या, डाग बघून. तू त्या सभेत जे काम सांगितलं होतंस तेच, शब्दशः. वास जात नाही हाताचा. तीन महिने जादा पाळी नाही आणि पगारात कपात.

हॉलमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, डिसेंबरातली माझी साक्ष अर्धीच होती. पुढचं बोलणार तोवर ब्रदरांनी गाणं सुरू केलं. पण उपासनेनंतर तो दारू सुटलेला माणूस जिन्यात माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "माझीही त्या दुपारी नाही सुटली रे. अजून रोज सुटते आहे." आम्ही दोघं जिन्यातच बसलो बराच वेळ. आता बुधवारीही बसतो.

आणि मी सुधारलो असं समजू नको. परवाच खोलीतल्या ढोल्याचा साबण मी वापरला आणि त्याने विचारलं तेव्हा म्हणालो, नाही बुवा. तसंच झटकन निघालं, तेवढ्याच सफाईने. पण जिना उतरून फाटकापर्यंत गेलो आणि पुढे पाय उचलेना. परत वर गेलो, म्हणालो, ढोल्या, साबण मीच घेतला. तो म्हणाला, "मला माहीत होतं, तुझ्या अंगाला त्याचाच वास येतोय." पोट धरून हसला. मीही हसलो. मास्तरांच्या वेळी मला नऊ आठवडे लागले होते, इथे जिना उतरायला लागतो तेवढा वेळ. तू आकडे दिलेस म्हणून मीही देतो. उद्या पुन्हा नऊ आठवडे लागतील, मला माझा भरवसा नाही.

तू क्षमा मागितलीस त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, माहीत आहे. लिहायला बसलो की पेन थांबतं. केली आत्या. पूर्ण केली का ते कळत नाही, मधूनच पुन्हा वर येतं. पण आज केली. तूही मला कर.

अजून एक राहिलंय. बाकी सगळं सांगून झालं, म्हणून हेही. दर महिन्याला मी जे दोन हजार पाठवत होतो ते माझे नव्हते. निम्म्याहून जास्त ढोल्याकडून आणि इतरांकडून उसने घेऊन पाठवायचो, तू ते पाळकसाहेबांना दाखवावेस आणि भाचा मोठ्या कामावर आहे असं वाटावं म्हणून. ते आता हळूहळू फेडतोय. त्यामुळे या महिन्याला कपात जाऊन, फेड जाऊन, खाऊनपिऊन माझ्याकडे जे खरोखर उरलं तेवढंच पाठवतोय. कमी आहे. लाज वाटली, पण पाकिटात घालताना एकदाही उठून फेऱ्या मारल्या नाहीत. मोजून घे, चारशे साठ.